तिच्या नावावरचं वाचन

त्या वर्षी मला कशाचं काही वाटत नव्हतं. घरात कुणी गेलं नव्हतं, कुणाशी भांडण नव्हतं. नवरा त्याच्या दुकानात, मी माझ्या शाळेत, मुलगा शिकायला बाहेरगावी. सगळं जागच्या जागी होतं. तरी सकाळी उठल्यापासून आत काही हलत नसे. वरणात मीठ जास्त पडलं तर नवरा सांगायचा तेव्हा कळायचं. गोंदियाच्या डॉक्टरांनी जीभ बघितली, रक्त तपासलं आणि म्हणाले, "मैडम, टेंशन मत लो, विटामिन कम है." तीन महिने लाल गोळ्या खाल्ल्या. जिभेला रंग आला, बाकी काही झालं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी वाईट दिसणार आहे आणि मला त्या गोळ्यांच्या आड लपायचं नाही.

माझी शाळा दरेकशाच्या पुढे, जंगलाच्या कडेच्या एका गावात. पहिली ते सातवी. मी सकाळच्या गाडीने गोंदियाहून दरेकशाला उतरायची, स्टेशनबाहेर पानठेल्याशी ठेवलेली स्कूटी काढायची आणि वीस मिनिटांत शाळेत पोचायची. सातवी माझ्याकडे होती, पट नऊ. सातवीच्या पुढे गावात काही नव्हतं. आठवीसाठी जंगल ओलांडून जावं लागे. मुलगे सायकलीने जात आणि मुली बहुतेक घरीच राहत. याला कुणी अन्याय वगैरे म्हणत नसे. सातवी झाली की पोरगी भाताच्या रोवणीत पूर्ण हाताची धरली जाई, एवढंच.

जून संपता संपता तालुक्याला प्रशिक्षण झालं. एका संस्थेने इंग्रजी मोठ्याने वाचायचं यंत्र आणलं होतं. यंत्र म्हणजे साधा टॅब आणि कानाला लावायचं हेडफोन. टॅबवर इंग्रजीतली छोटी गोष्ट दिसते, मुलाने ती तोंडासमोरच्या माईकमध्ये वाचायची. शब्द बरोबर उच्चारला तर हिरवा होतो, अडखळला तर पिवळा, चुकला तर लाल. लाल शब्दावर बोट ठेवलं की आतली बाई तो नीट म्हणून दाखवते. शेवटी मिनिटाला किती शब्द वाचले ते येतं. प्रत्येक मुलाचं वेगळं खातं, खात्यावर त्याचा फोटो. शिकवायला आलेली संस्थेची ताई चोवीस-पंचवीसची होती, गळ्यात ओळखपत्र, हिंदी-मराठी-इंग्रजी सगळं एका दमात. ती म्हणाली, "मॅडम, एकदा तुम्ही वाचून बघा ना." मी वाचलं. वीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या बाईच्या नावासमोर निम्मे शब्द पिवळे. बाजूचे गुरुजी खुदकन हसले, मग त्यांची पाळी आली तेव्हा गप्प झाले. एरवी मला राग आला असता. मी फक्त हेडफोन काढून पुढच्याला दिलं.

खरं तर ते यंत्र आमच्यासारख्या शाळेला लागू पडणारंच होतं. आमच्याकडे वाचन म्हणजे कोरस. मी एक ओळ म्हणायची, नऊ तोंडं तीच ओळ परत म्हणायची. त्या गलक्यात कोण वाचतं आणि कोण नुसते ओठ हलवतं हे देवालाच ठाऊक. टॅबपुढे एकटं बसावं लागे. पहिल्या आठवड्यात पोरं माईक दिसताच घुम्यासारखी बसून राहिली. एकाने तर वाचायच्या आधी नमस्कार करून आपलं नाव, गाव, इयत्ता सांगितली आणि यंत्राने तेही सगळं लाल करून ठेवलं.

टॅब दोनच होते. शाळेत नेटवर्क येत नसे, म्हणून ते मी रोज पिशवीत घालून गोंदियाला न्यायची. घरी वायफाय लागलं की दिवसभराचं वाचन आपोआप वर जायचं आणि माझ्या मोबाइलवर नऊ चौकोन उमटायचे. ज्याने वाचलं नाही त्याचा चौकोन पांढरा. पांढरे चौकोन तालुक्याला दिसत.

जुलैत रोवणी लागली. आमच्याकडे रोवणीत शाळा ओस पडते, त्यात नवल नाही. एका दिवशी वर्गात तिघंच, दुसऱ्या दिवशी एकच. तरी संध्याकाळी घरी बघते तर नऊच्या नऊ चौकोन भरलेले. चार दिवस मी बघितलं न बघितलं केलं. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गात डोकावले. वर्गात एकच मुलगी होती. समोर टॅब, कानाला हेडफोन. ती एक गोष्ट वाचून संपवायची, मागे जायची, दुसऱ्याच्या फोटोवर बोट ठेवायची आणि तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायची.

"हे काय करून राहिली?" मी विचारलं.

"त्यायचं वाचून राहिली मॅडम."

"काऊन? त्यांचं ते वाचतील की."

"ते तर आमच्या बांधीत रोवून राहिले," ती म्हणाली. जसं मीच काहीतरी खुळचट विचारलं होतं.

मग तिने समजावून सांगितलं. तिच्या आईचं बोट पिकलं होतं, हात चिखलात घालता येत नव्हता. बाप नागपूरकडे कामाला, दिवाळीशिवाय न येणारा. त्यांची एकच लहानशी बांधी, म्हणजे भाताचं खाचर. रोवणीत आमच्याकडच्या बाया पाळीपाळीने एकमेकींच्या बांधीत जातात. आज तुझी, उद्या माझी, मजुरीचा प्रश्नच नाही. पण ज्या घरचा हात येत नाही त्या घरी दुसरे हात तरी कसे जाणार? हिच्या आईऐवजी हिने जायला हवं होतं. तेव्हा वर्गातल्या आठ जणांनी ठरवलं की हिच्या वाट्याची रोवणी ते करतील आणि त्यांच्या वाट्याचं इंग्रजी ही वाचेल. हिचं वाचन आधीपासून बरं होतं आणि वाकून रोवायला हिला दम लागे. सगळ्यांच्या सोयीचं होतं. त्यात खोटं काही आहे हे त्या नवांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. काम झालं की झालं, कुणाच्या हाताने झालं ते कशाला बघायचं?

मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं. ते निवृत्तीला आलेले, गमत्या स्वभावाचे. म्हणाले, "मॅडम, पोरायनं आपली सोय केली, आपलीबी केली. हिरवं दिसून राहिलं ना? मंग कायले डोक्याले ताप?" मीही सोडून दिलं. सोडून देणं त्या वर्षी मला फार सोपं झालं होतं.

पण एक गोष्ट मात्र मला दिसत होती आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. रोज तीच गोष्ट नऊ वेळा वाचून त्या मुलीचं इंग्रजी असं काही सुटलं की बघत राहावं. पहिल्या वाचनात ती अडखळायची, लाल शब्दावर बोट ठेवून आतल्या बाईचं ऐकायची, पुटपुटायची. तिसऱ्या-चौथ्या खात्यात पिवळं उरत नसे. सातव्या-आठव्याला ती वाचत नसून कुणाला तरी काहीतरी सांगते आहे असं वाटे. प्रश्न आला की आवाज वर जायचा, गोष्टीतलं माणूस घाबरलं की तीही हळू बोलायची. हे आतल्या बाईने तिला शिकवलं नव्हतं. ती बाई सगळं एकाच सुरात म्हणते, स्टेशनवर गाडीची घोषणा करणाऱ्या बाईसारखी. रोवणी संपून पोरं शाळेत परतली तेव्हा ती मागच्या बाकावर बसून दुसऱ्याचं वाचन ऐकायची आणि कुणी चुकला की यंत्राच्या आधी सांगायची. ज्यांची जीभ शब्दाला शब्द जोडत नव्हती तीही हळूहळू जोडू लागली. यंत्राला श्रेय द्यायचंच तर एवढं देईन की त्याने तिला तीच गोष्ट पुन्हा वाचायला कधी कंटाळून नकार दिला नाही. मी दिला असता.

दिवाळीनंतर संस्थेची ताई शाळेत आली. तिने सगळ्यांना समोर बसवून वाचायला लावलं. मुलीने वाचलं तेव्हा ताईने हातातला चहा खाली ठेवला. वाचन झाल्यावर म्हणाली, "तू कुठे शिकलीस गं?" मुलगी म्हणाली, "इथंच." जाताना ताईने आम्हाला सांगितलं की तालुक्यातल्या आठ मुलांना संस्था गोंदियाच्या इंग्रजी शाळेत घालणार आहे, आठवी ते दहावी, वसतिगृहासकट. परीक्षा घेणार नाहीत, पोरं परीक्षेला घाबरतात. टॅबवरचं जानेवारी महिन्याचं वाचन धरणार, त्यावरून निवड. "ही मुलगी नक्की," ती म्हणाली. तसा मेसेजही ग्रुपवर आला: जानेवारीचं वाचन नियमित आणि मुलाचं स्वतःचं असावं. मी वाचला. मुलांना वसतिगृहाचं सांगितलं, जानेवारीचं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे विसरले असंही नाही. उद्या सांगू, म्हणत गेले.

मुलीच्या आईला मात्र कुणीतरी सांगितलं. ती मला रस्त्यात भेटली, डोक्यावर सरपणाचा भारा. भारा खाली न ठेवता म्हणाली, "मॅडम, हिले पाठवा बापा. इथं राहिली तं माह्यासारखीच होईन." मी म्हणाले, "बघू." मी दुसरं काही म्हणतच नव्हते त्या काळात.

जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात त्या आईला गोंदियाच्या दवाखान्यात भरती करावं लागलं. गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं, पण अंगात रक्त फार कमी, म्हणून आधी रक्त चढवायचं, मग थांबायचं, मग पुन्हा बघायचं. सोबतीला मुलगीच. महिनाभर ती शाळेत येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूने आठ नावं लिहिलेली. वर लिहिलं होतं, "हिची पाळी". कुणाची पाळी, मी विचारलं. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "मॅडम, तिनं आमचं वाचलं ना रोवनीत. आता आमी तिचं वाचू. एक दिवस एकजन." बाकीचे माना हलवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही सांगता येतं. देणं फेडायची संधी मिळाल्याचा आनंद होता.

मी त्या वेळी काय करायला हवं होतं हे कुणीही सांगेल. एक वाक्य पुरेसं होतं. तिच्या खात्यावर तुम्ही वाचू नका, पांढरं राहू द्या. पांढऱ्याला कारण देता आलं असतं, दवाखान्याचा कागद जोडता आला असता. मी फळ्याकडे बघितलं, डाव्या कोपऱ्यात तारीख लिहिली आणि गणित सुरू केलं. महिनाभर रोज त्या नावांच्या शेजारी मी तारीख लिहीत होते.

पोरांनी एक दिवस चुकवला नाही. ज्याची पाळी तो सकाळी हात-तोंड धुऊन यायचा. तिच्या फोटोवर बोट ठेवायचा आणि जीव तोडून वाचायचा. जे सर्वांत कच्चे होते ते तर सर्वांत जास्त वेळ बसायचे, एका गोष्टीवर अर्धा तास, कारण तिचं काम नीट झालं पाहिजे. लाल शब्द पुन्हा पुन्हा वाचायचे आणि यंत्र ते पुन्हा पुन्हा तिच्या नावावर लाल मांडून ठेवायचं. एकदा एक मुलगी वाचून झाल्यावर मला म्हणाली, "मॅडम, आज तिचं मिनिटाले तेवीस झालं." मोठ्या कौतुकाने म्हणाली. मुलीचं स्वतःचं नव्वदच्या वर होतं.

जानेवारीच्या मध्यावर ताईचा मेसेज आला. "मैडम, इस बच्ची का डेटा बहुत गिर रहा है, ज़रा देखिए." मी तिला अंगठा पाठवला.

त्याच आठवड्यात एकदा मी दवाखान्यात गेले. गाडी वेळेवर आली होती आणि दवाखाना वाटेवर होता. बायकांच्या वॉर्डात आई झोपली होती, हाताला सुई. मुलगी खाटेच्या पायथ्याशी खाली बसली होती. मला बघून उठली, पाणी आणून दिलं. मी बिस्किटांचा पुडा काढला. पिशवीत पुड्याच्या खालीच दोन्ही टॅब होते. माझ्या हाताला ते लागले.

"मॅडम, माह्या वाचनाचं काय?" तिने विचारलं.

"पोरं करून राहिली ना."

"रोज?"

"रोज."

तिने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मग हसली आणि बिस्किटाचा पुडा आईच्या उशाशी ठेवला. दहा मिनिटं पुरली असती. टॅब काढायचा, तिच्या कानाला हेडफोन लावायचं, एक गोष्ट वाचून घ्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं, दवाखान्यापासून माझं घर चालत पंधरा मिनिटांवर आहे. हे तेव्हा सुचलं नाही असं मी म्हणणार नाही. सुचलं. पण सुचणं आणि करणं यांच्यामध्ये जी काही गोष्ट लागते ती माझ्यात नव्हती. मी म्हणाले, "काळजी घे," आणि भाजी घेत घरी गेले.

फेब्रुवारीत ताईचा फोन आला. या वेळी मेसेज नव्हता, ती थेट बोलत होती आणि चिडलेली होती.

"मैडम, मैंने रिकॉर्डिंग सुनी. ये उस लड़की की आवाज़ नहीं है. एक दिन लड़का है, एक दिन कोई और है. मशीन को नहीं समझता, मुझे तो समझता है."

मी तिला सगळं सांगितलं. रोवणीपासून. तिने तारखा विचारून घेतल्या. मग मऊ आवाजात म्हणाली, "इतना लिखकर दे दीजिए. कि जनवरी की रीडिंग उसकी नहीं थी और आपको मालूम था. मैं ऊपर बात करती हूँ, उसका अलग से टेस्ट ले लेंगे. लेकिन शनिवार तक."

"देती हूँ," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं. मला वाटलं होतं ते घाबरतील, नको म्हणतील, आणि मग पुढे करायला मला त्यांचं नाव मिळेल. पण ते चष्मा काढून म्हणाले, "द्या ना लिहून. लय झालं तं नोटीस येईन. माहीबी सही घ्या खाली. पोरीचं भलं होऊन राहिलं." आणि कपाटातून दोन कोरे कागद काढून माझ्यापुढे ठेवले.

कागद तीन दिवस माझ्या टेबलावर होते. पहिल्या दिवशी मी वर 'प्रति' लिहिलं आणि विषय लिहिला. दुसऱ्या दिवशी पोषण आहाराची माहिती भरायची होती. शुक्रवारी परतीची गाडी उशिरा होती, दरेकशाच्या फलाटावर मी पाऊण तास रिकामी बसले. पिशवीत कागद होता, पेन होतं. समोर डोंगर, एक शेळी रुळाच्या पलीकडे चरत होती. मी शेळी बघत बसले.

भीतीपोटी लिहिलं नाही असं झालं असतं तर बरं झालं असतं. भिणाऱ्या माणसाला लोक समजून घेतात, मीही स्वतःला घेतलं असतं. मला नोटिशीची भीती वाटत नव्हती. मला त्या मुलीचा रागही नव्हता, ती माझ्या वीस वर्षांतली सर्वांत चांगली विद्यार्थिनी होती. मी फक्त लिहिलं नाही. शनिवार गेला. सोमवारी मुख्याध्यापकांनी विचारलं, "पाठवलं?" मी मान हलवली. कोणत्या दिशेने हलवली ते त्यांनी त्यांच्या परीने समजून घेतलं.

यादी मार्चमध्ये आली. आमच्या शाळेचं कुणीच नव्हतं. ताईचा फोन आला नाही, ग्रुपवर फक्त आठ नावं आणि वर अभिनंदन.

मुलगी तोवर परत आली होती. आल्या आल्या तिने फळ्यावरची नावं बघितली, कुणी पुसली नव्हती. मग टॅबवर आपल्या खात्यात जाऊन जानेवारीचं सगळं वाचन एकेक करून ऐकलं. महिनाभराचं, दोन दिवस बसून. कोण कुठे अडला ते ऐकून हसत होती. "मॅडम, रविवारी पन आले हे," ती मला म्हणाली. "गावात कुनाच्या घरी टॅब नेला होता का?" शनिवारी मीच टॅब गावात राहणाऱ्या मुख्याध्यापकांकडे ठेवून जात असे, कारण रविवारी पोरं त्यांच्या अंगणात जाऊन बसत. मी तसं सांगितलं. तिने मधल्या सुट्टीत आठही जणांना आपल्या डब्यातलं एकेक बोर वाटलं. त्या लाल शब्दांचा आणि वसतिगृहाचा काही संबंध असेल हे तिला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

एप्रिलच्या शेवटी निकाल लागला. आई आणि मुलगी दाखला घ्यायला आल्या. आई अजून पोटावर हात ठेवून चालत होती. तिला खुर्ची दिली तरी ती दाराच्या उंबऱ्याजवळ खालीच बसली. मुलगी तिच्या मागे उभी.

"मॅडम," आई म्हणाली, "हिचं काऊन नाई झालं? घरी तं फडाफडा वाचे. आमाले समजे नाई, पन आयकाले चांगलं वाटे."

दार उघडं होतं, बाहेर पोरं निकालाचे कागद फडकवत पळत होती. हा तिसरा क्षण होता, किंवा चौथा. मी मोजणं सोडलं आहे. खरं सांगायला तेवढेच शब्द लागले असते जेवढे खोटं सांगायला लागले.

"थोडं कमी पडलं," मी म्हणाले. "इंग्रजी अजून पक्कं व्हायला पाहिजे होतं."

आईने मान डोलावली. मॅडम म्हणतात म्हणजे तसंच असणार. मुलगी वाकली, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिची समजूत काढत म्हणाली, "मले वाटलंच होतं माय. माहं वाचन कच्चंच आहे. यंत्राचं हिरवं काई खरं नसते."

तेव्हा मला काहीतरी वाटलं. त्या अख्ख्या वर्षात पहिल्यांदा, छातीच्या मधोमध, इतकं की टेबलाची कड धरावी लागली. ते दुखत होतं आणि मी ते ओळखलं. आता तरी बोलशील, असं मी स्वतःला म्हणाले. आई पदर सावरून वाट बघत होती, तिला उन्हाच्या आत घरी पोचायचं होतं.

मी दाखल्यांचं पुस्तक ओढलं आणि लिहायला लागले. अभ्यासातील प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात आम्ही सातवीच्या सगळ्या मुलांना एकच लिहितो. शाळेत पुढील वर्ग नाही. तेच लिहिलं, शिक्का मारला आणि तिच्या हातात दिलं. तिने दाखला दोन्ही हातांनी घेतला, मोठ्याने वाचायला तोंड उघडलं, मग माझ्याकडे बघून मनातल्या मनात वाचला.